तात्पर्य वाळवीने खाल्लं

त्या रविवारी राजेंद्रच्या घरी बुद्धवंदना आटोपून सगळे हॉलमध्ये बसले, तेव्हा मायाताईच्या खुर्चीवर उशी होती आणि भावनाच्या खुर्चीवर नव्हती. उशी ठेवली होती शलाकाने, राजेंद्रच्या बायकोने. मोठ्या नणंदेची कंबर दुखते हे तिला ठाऊक होतं, एवढंच काय ते कारण. पण असल्या कारणांनी भावनाचं समाधान कधी झालं होतं? कंबर तिचीही दुखत होती. बदलापूरच्या कात्रपमधून अंबरनाथपर्यंत ती शेअर रिक्षात चौथी सवारी होऊन, अर्धी बाहेर लटकत आली होती. मायाताई चिखलोलीच्या टॉवरमधून स्वतःच्या गाडीने आली होती, आणि तरी उशी तिलाच.

भावनाने खांद्यावरची कापडी पिशवी पायाशी ठेवली आणि दोन्ही पावलांमध्ये घट्ट धरून बसली. पिशवीत काय आहे ते तिच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं.

दिवस आनंदाचा होता, निदान सगळ्यांनी मिळून तसं ठरवलं होतं. अण्णांचं पुस्तक पुन्हा निघत होतं. अण्णा म्हणजे या भावंडांचे वडील, शिवराम रोकडे. ते आठवडाभर कारखान्यात लेथवर उभे राहायचे आणि रविवारी सकाळी विहारात वस्तीतल्या पोरांचा वर्ग घ्यायचे. त्या वर्गातून एकवीस गोष्टी झाल्या. सात-सात गोष्टींच्या तीन पातळ पुस्तिका उल्हासनगरच्या एका सिंधी प्रेसवाल्याने लग्नपत्रिकांच्या उरलेल्या गुलाबी-पिवळ्या कागदावर छापून दिल्या. पहिली अठ्ठ्याहत्तर साली, शेवटची ऐंशीला. त्यानंतर त्यांना कोणी विचारलं नाही. पोरं मोठी झाली, अण्णा गेले, आणि ‘एकवीस रविवार’ हे त्या गोष्टींचं नाव घरातल्या घरात राहिलं.

पुन्हा छापायची टूम काढली सम्यकने. सम्यक म्हणजे राजेंद्रचा मुलगा, पुस्तकांची मांडणी, मुखपृष्ठं वगैरे करणारा. पण टूम काढायला काय लागतं? पुस्तिका शोधायला कोण गेलं? भावना गेली. पहिलीसाठी तिने बेलवलीला अण्णांच्या एका जुन्या सोबत्याच्या सुनेकडे चार खेपा घातल्या. दुसरी विहाराच्या माळ्यावर सापडली, तिचं मलपृष्ठ तेवढं वाळवीने खाल्लं होतं. तिसरी प्रेसवाल्याच्या नातवाकडे होती. तो म्हणाला, “ले जाओ मौसी, हमारे यहाँ कौन पढ़नेवाला है.” मग एमआयडीसीतल्या कंपनीत दिवसभर डिस्पॅचची कामं करून, घरी येऊन, दोन बोटांनी एकवीसच्या एकवीस गोष्टी तिनेच टाइप केल्या.

आणि काल संध्याकाळी घरच्या ग्रुपवर सम्यकचा मेसेज आला. प्रस्तावना माया आत्या लिहिणार. मुख्याध्यापिका होती, शाळाशाळांमध्ये ओळख आहे, पुस्तक पोचायला बरं पडेल. खाली अकरा अंगठे. अकरावा भावनाचा होता, आणि तो दाबताना तिच्या मनात काय होतं ते न लिहिलेलंच बरं.

“आजी, हे बघ,” सम्यकने रखमाच्या मांडीवर डमी ठेवली. अजून शिलाई न झालेली, पण मुखपृष्ठ लावलेली कच्ची प्रत. “तुझ्या नवऱ्याचं पुस्तक.”

रखमाने आधी पुस्तक कपाळाला लावलं. मग पदराने चष्मा पुसला. ब्याऐंशी वर्षांची झाली होती, पण चष्मा पुसल्याशिवाय छापील अक्षराकडे बघायचं नाही हा तिचा नेम होता.

“रंग झ्याक हाय,” ती म्हणाली. “वाच एक. दुधाची वाच.”

भावनाने पिशवी पावलांत आणखी आवळली. एकवीसमधून आईला हीच बरी आठवली.

सम्यक वाचायला लागला. एका वस्तीत एक मुलगी होती. आईने तिला दूध आणायला पाठवलं. वाटेत तिने अर्धं दूध पिऊन टाकलं आणि नळाखाली भांडं धरून पुन्हा काठोकाठ भरलं. घरात बाळ होतं, ते दूध बाळासाठी होतं. संध्याकाळभर बाळ रडत राहिलं, आणि मुलीला वाटलं, ते आपल्यालाच हाका मारतंय. शेवटी तिने आईला सगळं सांगितलं.

“अरे, ते बाळ मीच,” राजेंद्र हसत म्हणाला. पंचेचाळीस वर्षं तो ही ओळ म्हणत आला होता आणि दर वेळी नवीन असल्यासारखा हसायचा. “या बाईने मला पाणी पाजलंय.”

“झाली गोष्ट,” सम्यक म्हणाला.

“झाली कशी? खालचं वाच.”

“खालचं काय, आजी?”

“तात्पर्य.”

आता इथे अण्णांच्या वर्गाची रीत सांगितली पाहिजे, कारण सगळं भांडण तिथलंच होतं. अण्णा गोष्ट मनाने रचत नसत. रविवारी वंदना झाली की ते विचारायचे, “या आठवड्यातली चूक कोण सांगतं?” ज्याला सांगायची असेल त्याने उभं राहायचं, हात जोडायचे आणि सांगायची. अण्णा रागवायचे नाहीत. “आता काय करशील?” एवढंच विचारायचे. मग बाकीच्यांकडे वळायचे, “तात्पर्य कोण सांगतं?” ज्याची चूक, त्याने मात्र त्या दिवशी तात्पर्य सांगायचं नाही, हा नियम. पुढे गोष्ट छापताना चुकणाऱ्याचं नाव अण्णा गाळायचे, पोराला लाज वाटू नये म्हणून. तिथे नुसतं ‘एक मुलगी’ किंवा ‘एक मुलगा’. पण तात्पर्य सांगणाऱ्याचं नाव खाली वयासकट छापायचे, पोराला उमेद यावी म्हणून.

त्यामुळे झालं असं, की एकवीसपैकी तेरा गोष्टींखाली ‘कु. माया शिवराम रोकडे’ असं नाव होतं. बाकीची आठ नावं वस्तीतल्या इतर पोरांची. भावनाचं नाव एकदाही नव्हतं. कुठून असणार? जवळजवळ दर रविवारी ती चूक सांगायलाच उभी असायची. एकदाच तिला राहवलं नाही, आणि याच दुधाच्या गोष्टीला नियम मोडून ती मध्येच ओरडली होती, “तात्पर्य, पाणी घालायचं तर थोडं घालावं!” सगळा विहार हसला होता. अण्णासुद्धा हसले होते. तिला ते हसणं अजून ऐकू यायचं.

म्हणून तीन महिन्यांपूर्वी टाइप करताना भावनाने तात्पर्यं गाळली. पहिल्या गोष्टीला बोट नुसतं थांबलं. दुसऱ्या गोष्टीपासून थांबलंही नाही. वस्तीतल्या आठ पोरांची नावं तिच्याबरोबर गेली, त्यांचा काही गुन्हा नव्हता, पण तेराच गाळली असती तर दिसलं असतं. सम्यकने विचारलं तेव्हा तिने त्याला फोनवर सांगून टाकलं, “पानांच्या खालच्या कडा वाळवीने खाल्ल्यात रे. शेवटच्या ओळी नाहीत.”

तेच आता सम्यकने आजीला सांगितलं.

“वाळवीने?” राजेंद्र म्हणाला. “तिन्ही पुस्तिकांची?”

“कडा खाल्ल्यात,” भावना म्हणाली.

“बेलवलीची तर कपाटात होती म्हणालीस. प्लास्टिकमध्ये.”

“तू आला होतास का आणायला?”

राजेंद्र आला नव्हता, हे खरंच होतं.

“पण ऑनेस्टली पप्पा, मला तर बरंच वाटतं,” सम्यक म्हणाला. “तात्पर्य वगैरे लिहिलं की एकदम प्रीची होतं. आजकालची पोरं, समजतंय ना, गोष्ट वाचतील, त्यांना जे घ्यायचं ते घेतील. शेवटी उपदेशाचा डोस कशाला?”

“मलाही तसंच वाटतं,” ट्रेमधून चहा फिरवत शलाका म्हणाली. “भावनाताईंनी एवढी मेहनत केली. त्या म्हणतात ते असू द्या.”

भावनाला शलाका एकाएकी फार चांगली वाटायला लागली. उशीचंसुद्धा तिने मनातल्या मनात माफ केलं.

मायाताईने कप हातात घेतला आणि खाली ठेवला. “उपदेश अण्णांचा नव्हता, सम्यक,” ती म्हणाली. “तात्पर्य पोरं सांगायची. नऊ-दहा वर्षांची पोरं. तुमच्या पुस्तकात पोरांचं बोलणं तेवढंच आहे. तेच काढलंत तर मग उरतो नुसता उपदेश.”

“पॉइंट आहे,” सम्यक म्हणाला. बघता बघता फिरला पठ्ठ्या.

“शाळेत तीस वर्षं हेच बघितलंय मी—”

“हो, तू बघितलंयस,” भावना म्हणाली. “आम्ही डिस्पॅचच्या गोण्या बघितल्या.”

शलाकाने उगाचच बिस्किटांची बशी सरकवली. आणि तेवढ्यात रखमा बोलायला लागली, डमीच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून, जणू तिथे छापलेलं आहे.

“तात्पर्य. ज्याला फसवलं त्याला कळलं नाही, तरी आपल्याला कळतं. कुमारी माया शिवराम रोकडे, वय अकरा.” तिने वर पाहिलं. “मला समदी येतात. एकवीसच्या एकवीस. सांगू?”

“आई, तुला पाठ आहेत?” राजेंद्र म्हणाला.

“पाठ कशाला? मी वाचायला शिकले ती त्याच्यावर. तुझ्या बापानं पुस्तक म्होरं ठेवलं नि म्हणाला, पयलं हे वाच. काय तं, माया. म ला काना, य ला काना. सोपं व्हतं. माझ्या पोरीचं नाव छापलंय नि मला वाचता येतंय, मी तं रडलेच.”

ही गोष्ट घरात कितीदा सांगून झाली होती. दर वेळी भावना उठून पाणी प्यायला जायची. आज पायांत पिशवी होती, म्हणून तिला उठता येईना. आईने जगात पहिला शब्द वाचला तो मायाताईचं नाव. भावनाचं नाव जरा अवघड, तीन अक्षरी, शिवाय ते छापलेलंच नव्हतं. मग आई ते वाचणार कुठे? याचा राग कोणावर काढायचा हेही तिला कधी कळलं नव्हतं, म्हणून ती तो मायाताईवर काढत आली होती. तिचं लग्न आधी झालं म्हणून, तिची नोकरी मोठी म्हणून, ती कधी आवाज चढवत नाही म्हणून.

“पुस्तिका कुठे आहेत, भावना?” मायाताईने विचारलं. “एकदा बघू. भिंगाने काही लागलं तर—”

“घरी राहिल्या.”

मायाताईची नजर खाली गेली. भावनाच्या पावलांमध्ये धरलेल्या पिशवीवर थांबली. पिशवीच्या तोंडातून गुलाबी कागदाचा एक कोपरा बाहेर आला होता. लग्नपत्रिकेचा गुलाबी. मायाताईने तो पाहिला, नक्की पाहिला, आणि नजर उचलून घेतली.

“असू दे मग,” ती शांतपणे म्हणाली. “नसतील तर नसतील. आहे तसं छापा.”

भावनाला मायाताईने पकडलं असतं तर चाललं असतं. सगळ्यांसमोर पिशवी ओढून घेतली असती तरी चाललं असतं. पण हे सोडून देणं तिला सोसवेना. यातही मोठी तीच!

“उपकार नको करूस माझ्यावर,” भावनाचा आवाज चढला. “वाळवी काय तेरा वेळा तुझंच नाव हुंगत गेली असेल, असं वाटतंय ना तुला?”

“तेरा?” राजेंद्र म्हणाला. “तू मोजलीस?”

“मोजली. नवव्या वर्षापासून मोजत्येय. तेरा वेळा माया, आणि भावना एकदाही नाही. अख्ख्या पुस्तकात बापाला आपली एक पोरगी दिसली. चांगलं चांगलं बोलणारी. दुसरी काय होती तर दूधचोर. खडूचोर. वर्गातल्या काशीच्या वेणीला गम लावणारी. आता ते सगळं पुन्हा छापायचं, मीच टाइप करायचं, मीच शोधून आणायचं, आणि वर प्रस्तावना कोणाची? मायाची! छाप रे सम्यक, मुखपृष्ठावरसुद्धा तिचाच फोटो छाप!”

“भावनाताई, चहा गार होतोय,” शलाका हळूच म्हणाली, आणि मग आपण काय बोललो ते तिचं तिलाच कळून तिने रिकामा ट्रे उचलला.

मायाताईने चष्मा काढला. भावनाला वाटलं, आता ही समजूत घालणार, मुख्याध्यापिकेच्या आवाजात. पण मायाताईचा आवाज मुख्याध्यापिकेचा नव्हता. जरा चिरकाच होता.

“दूध कोणाचं, भावना?”

“काय?”

“गोष्ट कोणाची? दुधाची तुझी. खडूची तुझी. गमाची, विहिरीत पडलेल्या चपलेची, आजीच्या नथीची, सगळ्या तुझ्या. तू तेरा मोजलीस. मी सोळा मोजल्यात. एकवीसमधल्या सोळा गोष्टी तुझ्या आहेत. अण्णा कारखान्यातून आले की हात न धुता वही घेऊन बसायचे आणि तुला समोर बसवायचे. ‘मग काय झालं, भावना? मग बाळ कसं रडलं?’ तासन्‌तास. मी दाराशी उभी राहून बघायचे. मला कधी असं समोर बसवलं त्यांनी? मी एक ओळ सांगायचे, ते ‘शाब्बास’ म्हणायचे, संपलं.”

“तुझं नाव छापलंय,” भावना म्हणाली.

“हो, तळाला. बारीक टाइपात. गोष्ट संपल्यावर.” मायाताई आईकडे न बघता बोलत होती. “मी एकदा ठरवलं होतं, आपणही चूक करायची. काशीची नवी पाटी घेतली, फोडायला हात वर केला. हात खालीच येईना. परत ठेवली. त्या रविवारी अण्णांनी विचारलं, ‘माया, तुझं काही?’ मी म्हटलं, ‘काही नाही, अण्णा.’ ते म्हणाले, ‘बरं.’ आणि लगेच तुझ्याकडे वळले. आणि प्रस्तावनेचं म्हणशील, तर सम्यकने मला आधीच विचारलं होतं, तेव्हापासून आठ दिवस कागद घेऊन बसलेय. काय लिहू? मला त्या पुस्तकातलं सांगण्यासारखं काही घडलेलंच नाही.”

राजेंद्रने काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं. शलाकाने त्याच्याकडे अशी काही नजर टाकली की त्याने ते मिटलं.

भावना बसून राहिली. पंचेचाळीस वर्षं जी बहीण आपल्या वरच्या पायरीवर उभी आहे असं तिने धरून ठेवलं होतं, ती दाराशी उभी राहून आपल्याकडे बघत होती, हे तिला मनात नीट बसवता येईना. बरं वाटलं का? वाटलं, खोटं कशाला सांगा. मायाताई आपल्यावर जळत होती हे ऐकून तिला आधी चक्क गोड वाटलं. मग मायाताईचा उघडा, चष्म्याचे वळ उठलेला चेहरा दिसला आणि तिला आपल्या त्या गोडाची लाज वाटली.

तिने पिशवी उचलली. तीन पुस्तिका काढून टीपॉयवर ठेवल्या. दोन गुलाबी, एक पिवळी. पानांच्या कडा धडधाकट होत्या. सम्यकने एक उघडली, तळाची ओळ वाचली, आणि भावना आत्याकडे बघणं टाळलं.

भावना उठून उभी राहिली. छप्पन्न वर्षांची बाई, गुडघ्यांवर हात टेकत उठावं लागलं. मग तिने आईसमोर हात जोडले.

“या आठवड्यातली चूक नाही, तीन महिन्यांपूर्वीची आहे,” ती म्हणाली. “वाळवीने एकही ओळ खाल्लेली नाही. मीच गाळलं. मायाताईचं नाव मला बघवेना. आणि तेवढ्यासाठी आणखी आठ पोरांची नावं गेली.”

रखमाने तिच्याकडे पाहिलं. रागावली नाही. अण्णांची बायको होती ती, रीत तिला ठाऊक होती.

“आता काय करशील?”

“परत टाइप करीन. एकवीसच्या एकवीस. नावांसकट, वयांसकट. आठ दिवसांत देते, सम्यक.”

“चालेल, आत्या. प्रेसला मी थांबवतो.” सम्यकने तिन्ही पुस्तिका तिच्याकडे सरकवल्या. “आणि प्रस्तावना?”

“दोघींना लिहू दे,” राजेंद्र म्हणाला. त्या दिवशी त्याने केलेलं शहाणपणाचं बोलणं हे एवढंच.

“ते मग बघा,” रखमा म्हणाली. “वर्ग अजून सुटला नाय. तात्पर्य कोण सांगतं?”

भावनाने तोंड उघडलं. आत्ता तिच्याकडे होतं सांगण्यासारखं, अगदी नेमकं होतं.

“तू नाय,” आई म्हणाली. “तुझी चूक, तू नाय सांगायचं.”

भावनाने तोंड मिटलं. सगळ्यांच्या माना सवयीने मायाताईकडे वळल्या. शलाका तर त्या वर्गात कधी नव्हती, तरी तीही वळली. मायाताईचा उजवा हात आपोआप वर निघाला, खांद्यापर्यंत आला, आणि तिथे थांबला. भावनाला त्या चेहऱ्याची पुरती ओळख होती. उत्तर आलं की मायाताईची डावी भुवई किंचित वर जायची. आत्ताही ती गेली होती. उत्तर तिच्या जिभेवर होतं.

मायाताईने हात खाली घेतला.

“नाही सुचत मला,” ती म्हणाली.

रखमा बुचकळ्यात पडली. “तुला नाय सुचत?”

“नाही, आई. काहीच नाही.”

भावना हात जोडलेले तसेच ठेवून उभी होती. तिने आधी ती भुवई पाहिली, मग मायाताईचे डोळे पाहिले. मायाताईने नजर चुकवली, आणि तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदाच.

“मायाताई,” भावना म्हणाली, “पुढच्या रविवारी इथे ये. तुला काहीतरी सांगायचं असेल.”

“मला? काय?”

“आत्ता आईशी खोटं बोललीस ते.”

मायाताईच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं, जे भावनाने नवव्या वर्षी कुठल्या तरी रविवारी बघायला हवं होतं. वर्गात शेवटी आपल्याला उभं केलं, याचा आनंद होता तो.

“येईन,” ती म्हणाली. “हात जोडून सांगेन.”

भावना खाली बसली, पण पुन्हा अर्धवट उठली आणि मायाताईच्या पाठीमागची उशी ओढून स्वतःच्या कमरेशी घेतली.

“आणि सम्यक,” ती म्हणाली, “तू वही घेऊन बस. मी हा आठवडाभर एकसुद्धा चूक करणार नाही. पुढच्या रविवारचं तात्पर्य मी सांगणार आहे. खाली लिही, भावना शिवराम रोकडे, वय छप्पन्न.”